आहे तेवढंच सांग

बाई – चूक. खिडकी काही डिपिक्ट करत नाही. पुन्हा कर वाक्य.

सोबतीण – का नाही करत, बाई? कॅलेंडरात होडी दिसते, खिडकीत गल्ली दिसते. दिसण्यात काय डावं-उजवं?

बाई – कॅलेंडरातली होडी कुणीतरी काढलीय. हे ठेवू, ते गाळू, असा विचार करत काढलीय. म्हणून ते चित्र होडी डिपिक्ट करतं. गल्ली कुणी काढलीय? ती आपली पडलीय तिथे.

सोबतीण – म्हणजे रंगवणं.

बाई – रंगवणं, रेखाटणं, चितारणं. आपल्याकडे शब्दांना काय तोटा? पण त्याला ब्रशच लागतो असं नाही. लेखकही डिपिक्ट करतो. शब्दांनी.

सोबतीण – बिनरंगाचं?

बाई – डोळे गेल्यापासून मला सगळं बिनरंगाचंच मिळतंय. काही अडलं का माझं? चल, होडीचं वाक्य.

सोबतीण – द पिक्चर डिपिक्ट्स अ मॅन इन अ बोट. ही इज गोइंग होम. हिज वाइफ इज वेटिंग, अँड शी इज लिटल अँग्री, बिकॉज...

बाई – थांब. बायको आहे चित्रात?

सोबतीण – नाही. पण घरी असणारच ना! उगाच का माणूस एवढ्या घाईने वल्ही मारील?

बाई – मागच्या वेळी इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत अशीच आपटलीस ना?

सोबतीण – मागच्या वेळी चित्रात टेबलाशी दोघं बसली होती हो. मी म्हटलं, हे भाऊ-बहीण, कितीतरी वर्षांनी भांडण मिटलंय, आता दोघं मिळून चहा पिणार. परीक्षक म्हणाला, मॅडम, कप कुठे दिसले तुम्हाला? झालं, माझी बोबडीच वळली. पुढचं सगळं ततपप.

बाई – उद्याही तेच केलंस, तर परदेशातली नोकरी गेलीच म्हणून समज. आणि लेकीला तिकडे नेणंही राहिलंच, ती तुझ्या आईकडेच वाढेल.

सोबतीण – नका ना बाई असं बोलू. पण खरं सांगू? ही खोड मला आधी नव्हती. शाळेत विचारल्याशिवाय तोंड उघडत नव्हते मी.

बाई – मग कुठे लागली?

सोबतीण – कुणास ठाऊक.

बाई – मला ठाऊक आहे. इथेच लागली. या खिडकीत.

सोबतीण – म्हणजे?

बाई – रोज संध्याकाळी मी विचारते, खाली काय चाललंय. तू सांगतेस. समोरचा शिंपी वर बघतो, हात हलवतो, बाई कशा आहेत म्हणून विचारतो. कालही विचारलं त्याने.

सोबतीण – हो, म्हणजे... विचारतो.

बाई – अगं, डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. त्याचं मशीन कधीचं थांबलंय. शटर वर गेल्याचा आवाज मागच्या थंडीपासून ऐकला नाही मी.

सोबतीण – दुकान विकलं त्याने. मुलाकडे गेला राहायला. तुम्हाला कसं सांगू कळेना. म्हणून एक दिवस म्हटलं, हात हलवला. तुम्ही इतक्या खूश झालात! दुसऱ्या दिवशी केस विंचरून घेतलेत, खुर्ची खिडकीशी सरकवायला लावलीत. मग कोणत्या तोंडाने म्हणू, की आज नाही हलवला?

बाई – म्हणू नकोस, असंच मनात म्हणत होते मी. सगळं कळत होतं, आणि तरी दुपारपासून वाट बघायची. दुसरं कोण विचारतं गं मला? मुलगा फोन करतो, तो औषधं संपली का, ते विचारायला.

सोबतीण – रागावला नाहीत?

बाई – रागावले. स्वतःवर. तू नापास होऊन आलीस, त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझे लाड पुरवता पुरवता तुझी जीभ बिघडली. म्हणून आज लाड बंद. ऊठ, खिडकीशी जा. समज, गल्ली हेच चित्र आणि मी परीक्षक. आहे तेवढंच सांग. मराठीत चालेल.

सोबतीण – आज नको, बाई.

बाई – परीक्षा उद्या आहे. मग कधी, झाल्यावर?

सोबतीण – शटर खाली आहे. कुलपाला गंज चढलाय. शेजारी एक स्कूटर, झाकून ठेवलेली. एक मुलगी दप्तर घेऊन चाललीय.

बाई – वर बघतेय?

सोबतीण – नाही.

बाई – आणखी कुणी?

सोबतीण – कुणीच नाही. मुलगीही कोपऱ्यावर वळली.

बाई – हं. इतकी रिकामी असेल असं नव्हतं वाटलं. चांगलं सांगितलंस. जास्तीचं एक अक्षर नाही.

सोबतीण – मी नाही जात उद्या. खड्ड्यात गेली ती परीक्षा. माझ्या जागी ती एजन्सीची बाई येणार ना? काल तासभर बसली इथे, मोबाइलमधून मान वर काढली नाही. तिला विचाराल खाली काय चाललंय, तर म्हणेल, काही नाही.

बाई – खरं तेच सांगेल मग.

सोबतीण – चेष्टा सुचतेय तुम्हाला!

बाई – चेष्टा नाही. भीती वाटतेय मला. तू गेल्यावर संध्याकाळ झाली, हे मला कोण सांगणार, याची भीती वाटते. रात्रीची नाही, संध्याकाळचीच. ऐकलंस? आता हे ऐकून घरी बसलीस, तर तुझं तोंड बघणार नाही मी.

सोबतीण – तसंही कुठे बघताय!

बाई – फाजीलपणा पुरे. आणि नाक पूस, आवाजावरून कळतं मला. शेवटचं चित्र. ही खोली. इंग्रजीत.

सोबतीण – द पिक्चर डिपिक्ट्स अ रूम. देअर इज अ बेड, अ टेबल अँड सम मेडिसिन्स. अॅन ओल्ड लेडी इज सिटिंग इन अ चेअर. हर हँड्स आर इन हर लॅप.

बाई – काय करतेय ती?

सोबतीण – शी इज लिसनिंग.

बाई – आणखी कोण आहे खोलीत?

सोबतीण – कुणी नाही.

बाई – असं कसं? तू आहेस की.

सोबतीण – मी चित्र सांगतेय, बाई. सांगणारी त्यात कशी येईल?

बाई – बरोबर आहे. आता हेच इंग्रजीत सांग.