कात्रीकाकांच्या हातचे केस

...टोपीकडे नका बघू हो, सांगतो! आधी मला सांगा, माणूस देतो कशासाठी? मी लांब परदेशात जाऊन हेच शिकून आलो! करुणा, पारदर्शकता, सामाजिक बांधिलकी... आणि इथे अख्ख्या गल्लीची डोकी भादरणाऱ्या आमच्या कात्रीकाकांना दिसेनासं झालं, दुकान बंद पडायची वेळ आली, तेव्हा म्हटलं, हीच ती घडी! डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मदतीचं पान काढलं इंटरनेटवर, असं कळकळीनं लिहिलं की मीच तीनदा वाचून काढलं! आठवडा गेला... देणगी एक. माझीच!

आत्या म्हणाली, "अरे, निबंध कोण वाचतंय? फोटो घाल!" म्हटलं, "आत्या, कुणाचं दैन्य दाखवून मागणं नैतिक नाही." "नैतिक गेलं खड्ड्यात, पासवर्ड सांग!" आणि घातला की तिनं फोटो! काकांचा? छे! माझा! तिसरीतला! पुढचा दात गायब, आणि कपाळावरचे केस डाव्या भुवईपासून निघालेले ते जिना चढल्यासारखे थेट उजव्या कानाच्या वर! खाली ओळ : "हे ज्यांनी केलं, त्यांना आता दिसत नाही."

तुम्हाला सांगतो, देणग्यांची रीघ लागली! एक डॉक्टरीणबाई लिहितात, "माझेही अस्सेच! शाळेच्या फोटोत मी एकटीच टोपी घालून." एक वैमानिक लिहितो, "काका कान धरून म्हणायचे, 'हलू नकोस, नाहीतर कान पुडीत बांधून देईन!' तसा कान पुन्हा कुणी धरला नाही हो..." आणि शेजारचे टकलू वकील : "त्या वैमानिकानं दिले? मग माझे दुप्पट! आणि नाव वर दिसू दे!" आता यात बांधिलकी कुठाय? माणूस देतो कशासाठी?... वाचता वाचता माझाच हात कानाकडे गेला. तो पावडरचा वास, खुर्चीच्या हातांवर टाकलेली ती फळी... तिच्यावर बसलं की आरशात आपण पहिल्यांदाच मोठ्यांएवढे!

ऑपरेशन झालं. काका म्हणाले, "बस रे परदेशी, पहिला तू! कसं लख्ख दिसतंय आता!" बसलो. इतकी वर्षं सगळी गल्ली काकांच्या डोळ्यांना बोल लावत होती... आरशात बघतो तर काय, डावी भुवई ते उजवा कान! म्हणजे दोष डोळ्यांचा कधी नव्हताच! आणि काका दोन पावलं मागे सरून, मान कलती करून म्हणतात, "वा! सुरेख!"

माणूस देतो कशासाठी?... थांबा, टोपी काढतो. यासाठी!