श्यामलाबाईंचा लिंब

नेसरीला आजारी आईपाशी महिनाभर राहून श्यामलाबाई एस.टी.नं कोल्हापूरला परतत होत्या. आई उठून बसली होती, पण शिवाजी पेठेतल्या वृक्षमंडळानं त्यांच्या नावावर दिलेल्या लिंबाच्या रोपाचा जिवाला घोर होता. गडहिंग्लजला मंडळाचे वसंत आणि जिनपाल चढले आणि मागं न बघताच पुढच्या बाकावर बसले.

“जिनपाल, बाईंचा लिंब वाळला असंल की रं.”

“न्हाय. पालवी फुटलीया.”

“तू पाणी घातलंस? दुसऱ्याच्या झाडाला पाणी घालायचं न्हाय, असा नेम हाय आपला!”

“वरडू नगंस, वसंता. रोज सांजच्याला दोन कळशा घालतोय.”

“आयला! दुपारी मी घालतोय की!”

“मग सकाळी आळं वलं कसं असतंय?”

“अण्णासो घालत्यात. बघितलंय मी, धोतर खोचून, चोरावानी.”

“अध्यक्ष? नेम त्यांनीच केलाय की!”

“म्हणून तर चोरावानी.”

“बाईंस्नी काय सांगायचं?”

“आपसूक जगला म्हणायचं.”

मागं श्यामलाबाईंनी पदर तोंडावर ओढून झोपेचं सोंग घेतलं, आणि कागल यायच्या आधीच त्यांना खरोखर गाढ झोप लागली.