दमायच्या आधी बसायचं

माझं माहेर लोह्याजवळच्या खेड्यात, नांदेड जिल्हा, आन् दिली मला लातूरला, आन् कामून दिली तर लातूर तवा नवंनवं जिल्हा झालं होतं म्हणून. आमच्या अप्पाला, म्हणजे माझ्या वडलाला, त्याचं लई कौतुक, जिल्ह्याच्या गावाला पोरगी दिली म्हणून गावभर सांगत हिंडायचे, जसा काय कलेक्टरच जावई केलाय. जावई खानावळवाला. लिंगायत खानावळ, दोन खोल्या आन् पुढं पत्र्याची पडवी. पर खोटं कशाला बोलू, धंदा चालायचा, जिल्हा झाला तशा कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांसंगट कारकून आले, त्यांची बायका-लेकरं गावाकडं आन् हे हितं भाड्याच्या खोलीत एकटे, मग जेवायला आमच्याकडं. मालक वाढायचे, आत्याबाई म्हणजे माझी सासू दारात बसून गिऱ्हाइकावर नजर ठिवायच्या, आन् भाकरी मी थापायची. सकाळचा ढीग, सांजचा ढीग.

आन् मला दमा, बरं का, लहानपणापासनंचा. चुलीचा धूर, पिठाचा फुपाटा, आन् नेमकी दम्याची बाई तिथं बसवलेली. सोयरीक करताना सांगितलं न्हवतं का, तर सांगितलं होतं, अप्पानं सांगितलं होतं, पोरीला थोडी धाप लागती म्हणून. आत्याबाई म्हणल्या, आमच्याकडं कुणाला लागत न्हाई धाप. आता ह्याला काय म्हणावं तुम्हीच सांगा, सासरी आलं की दमा काय येशीत थांबतो का? पर अप्पा बी खूश झाले ऐकून, येड्यावानी.

तर ते साल दुष्काळाचं. नळाला नुसती हवा. टँकर गल्लीच्या तोंडाला थांबायचा आन् बाया घागरी घेऊन पळायच्या, कुणाचे केस कुणाच्या हातात, शिव्या तर इचारू नका. ताटं धुवायला पाणी न्हाई म्हणून पत्रावळी आणल्या, आन् त्या उष्ट्या पत्रावळी उचलायला बी कुणी येईना, मागच्या बोळात ढीग, त्याच्यावर माश्या, डुकरं, आंबूस वास. अजून मला पत्रावळ बघितली की मळमळतंय, लग्नाकार्यात बी मी ताट मागून घेती, लोक म्हणतात लई मोठेपणा आलाय हिला. त्याच्यातच तापीची साथ आली. डॉक्टर म्हणले फ्ल्यू हाय, साथीचा हाय, जाईल आपोआप.

गेला की, ताप गेला. समद्या गल्लीचा गेला, आत्याबाईचा गेला, मालकाचा तर नुसत्या शिंकेवर गेला. लोक उठले, कामाला लागले. आन् मी उठले ती भिंत धरून. अंगात काय म्हणून काय उरलं न्हवतं बगा. वेणी घालायला हात वर केला की हात आपसूक खाली यायचा. पिठाची परात सरकवायची म्हणलं तर आधी तिच्याकडं बघत बसायचे. एखांद्या दिवशी जरा बरं वाटायचं, मग मी येड्यागत समदं काम त्याच दिवशी उरकायची, न्हाणी घासायची, भाकरी थापायची, टँकरला पळायची, आन् दुसऱ्या दिवशी अंथरुणातून मुंडकं उचलवंना. असं परत परत. आत्याबाई कपाळाला हात लावायच्या आन् म्हणायच्या, अंग तर गार हाय की, मग झालंय काय? काल तर चांगली पळत होतीस. काल पळत होते म्हणूनच आज पडले हे त्यांच्या टकुऱ्यात शिरंना, आन् खरं सांगू का, माझ्या बी शिरंना.

मग इलाज सुरू झाले. जो येईल तो हकीम. एकीनं खेकड्याचा रस सांगितला, आमच्या घरात, जिथं अंडं उंबऱ्याच्या आत येत न्हाई! दुसरी म्हणली पांढऱ्या कबुतराजवळ झोपव. आन् तवा गल्लीत गाढविणी घेऊन माणसं यायची, देगलूरच्या अंगाची, अर्धं तेलुगू बोलायची, गाढविणीचं दूध घ्या, दमा-खोकला जाईल म्हणून ओरडायची. आत्याबाईनं थांबवला त्याला. माझ्यासमोर दूध काढलं, कोमट, पातळ, आन् त्या गाढविणीच्या पोटाला शेण लागलेलं मला दिसून राहिलं होतं. मी न्हाई म्हणलं. नाक दाबून पाजलं हो मला, एका लेकराच्या आईला. समदं उलटून पडलं दारातच. आत्याबाई म्हणल्या, अंगाला लागू द्यायचंच न्हाई हिला, नाटकं नुसती.

ते नाटकं, आळस, कामचुकार, ते शब्द मला त्या साली मिळाले. शेजारीण खिडकीतून आत्याबाईला इचारायची, उठली का गं तुझी महाराणी?

आन् मी काय केलं, ते बी ऐका. दम्याची गोळी होती माझ्याकडं, धाप लागली तर एक घ्यायची. आता आपण काय म्हणतो, दमले, दम लागला, दमा झाला. समदा एकच शब्द. मला वाटलं मी दमले म्हणजे दमाच वाढला, दुसरं काय? मग दमलं की गोळी. भाकरी थापून दमलं की गोळी, घागर आणून दमलं की गोळी. थकवा काही जाईना, पर हात लटलट कापायला लागले, काळीज असं धडधडायचं की पदर हालताना दिसायचा. आन् हात कापून राहिले तर भाकरी कशी थापणार, चुलीतच पडायची. एक दिवस टँकरच्या रांगेत मी घागरीसकट खाली बसले ती उठलेच न्हाई. बायांनी काय केलं म्हणता? माझी घागर बाजूला सरकवली आन् पुढं गेल्या.

मालकांनी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या, तोंडानं फटकळ. छातीला नळी लावली, पाठीला लावली, मोठा श्वास घे म्हणल्या, सोड म्हणल्या. मग गोळ्या बघितल्या आन् जो काय माझा उद्धार केला! म्हणल्या, छाती आज मोकळी हाय तुझी, शीळ न्हाई काही न्हाई, ही गोळी कशाला खाऊन राहिलीस? मी म्हणलं, दमते ना मी. तर म्हणल्या, अगं बाई, दमा येगळा आन् दमणं येगळं. दमा छातीत असतोय, हे दमणं अंगात हाय, तापीनं मागं ठिवलेलं हाय, कुणाकुणाला राहतंय ते महिनोन्‌महिने, आन् दम्याच्या माणसाला तर जास्तच जपावं लागतंय. छाती वाजली, श्वास आडला तरच ती गोळी, आन् तवा मात्र अंगावर काढायचं न्हाई. धुरापासनं लांब राहायचं. आन् काम करताना दमायच्या आधी बसायचं.

दमायच्या आधी! मला आजपतूर असं कुणी बोललं न्हवतं. म्हणल्या, दमून पडलीस की दोन दिवसाचं काम गेलं तुझं. अर्धं काम झालं, अंगात थोडं बळ हाय, तवाच बूड टेक. मग परत ऊठ. आठवड्याला जरा जरा वाढव, घाई केलीस तर परत आडवी होशील.

आता काय सांगू तुम्हाला, आपल्यात दमून पडलेल्या बाईला एखांदी तांब्याभर पाणी तरी देती. पर चांगली धडधाकट दिसणारी बाई, चार भाकरी करून, घाम न्हाई काही न्हाई, उठून पडवीत पाटावर जाऊन बसती! आन् गल्लीतून बाया डोक्यावर घागरी घेऊन चालल्यात! माझी मलाच लाज वाटायची. पर बसायची मी. बसायची, उठायची, परत बसायची. आन् कळायला लागलं की असं केलं तर दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागत न्हाई.

आत्याबाईला ते बघवंना. धाकल्या जावंला आणलं गावाहून, कस्तुराला, आन् चुलीपुढं बसवलं. माझ्या दादाला लोह्याहून बोलावणं धाडलं, बहिणीला घेऊन जा, बरी झाली की आणू. बरी झाली की आणू! हे बोलणं मला चांगलं ठावं होतं. आमच्याच गावात एक अशी बरी व्हायला आली होती, तिचे केस पिकले तिथंच. चूल कस्तुराची झाली की मी कुणाची, आन् माझं लेकरू कुणाचं?

दादा आला. माझी पिशवी भरून ठिवली होती, मी न्हाई, आत्याबाईनंच भरली होती. गिऱ्हाईक पडवीत बसलेलं, कारकून लोक, समद्यांच्या देखत आत्याबाई म्हणल्या, ऊठ. मी पाटावर बसलेली. मी म्हणलं, उठत न्हाई. दादा म्हणला, चल गं माय, तमाशा नको. मी म्हणलं, दादा, हितनं उठले तर परत बसायला मला ह्या घरात जागा राहणार न्हाई, तू जेवून जा, मी येत न्हाई. जीव जायची येळ आली तरी उठले नसते. आन् मालक वाढणं हातात घेऊन हुबे. बोलणारा माणूस न्हाईच तो. वाढणं खाली ठिवलं, आत गेले, कस्तुराला म्हणले, सरक. आन् बसले की चुलीपुढं! भाकरी थापली त्यांनी. कसली भाकरी, एक कड जाड, एक कड फाटलेली. आत्याबाई म्हणल्या, शी, बायकी. कारकुनांनी खाल्ली मुकाट्यानं. दादा जेवून एकटाच गेला.

लोक इचारतात, मालकाला तवा माझी दया आली का? मला काय माहीत. कस्तुराच्या भाकरी गिऱ्हाइकाला आवडत न्हवत्या, त्याच्यामुळं बी असंल. मी इचारलं न्हाई, तेंनी सांगितलं न्हाई. पर तवापासनं निम्म्या भाकरी ते थापायचे, धुराची चूल काढून रॉकेलचा स्टो आणला, मी बसत-उठत निम्म्या करायची. वर्ष उलटून गेलं तवा कुठं अंगात पहिल्यावानी बळ आलं. मधल्या करोनात परत तसंच झालं, पर मी आधीच बसले. आता दम्याला पंप आलेत, रोजचा येगळा, धापेचा येगळा, ती चूक मी परत केली न्हाई.

आन् आता ऐका खरी गंमत. भाकरी थापल्या म्हणून मालक झाले देवमाणूस. समद्या लातुरात. कारकून बदलून गेले तिकडं बी सांगत राहिले. माझ्याच तोंडावर बाया म्हणायच्या, नशीब काढलंस गं, असा नवरा मिळाया पुण्याई लागती. अवं, मी धापा टाकत थापल्या, तापीत थापल्या, पोटात लेकरू असताना थापल्या, तवा मला कुणी देवी म्हणलं न्हाई. बाईनं थापली ती भाकरी आन् गड्यानं थापली तो उपकार. वीट आला मला ऐकून ऐकून. परवा समाजाच्या कार्यक्रमात मालकाचा सत्कार केला, आता पिकलं पान झालेत ते, पत्नीची सेवा केली म्हणून शाल-नारळ, भाषणं, टाळ्या. मला म्हणले, आक्का, तुम्ही बी दोन शब्द बोला. मी बसूनच बोलले, भाकरी मी बी थापल्या की. समदे पोट धरून हसले.

घरी आल्यावर तेंनी शाल घडी करून माझ्या मांडीवर ठिवली. म्हणले, घे, तुझी हाय. मी म्हणलं, उचला तिकडं, लोकरीनं मला धाप लागती.