पाटीलसरांनी मला का खेळवलं नाही

सुलभाबाई, सरांच्या घरची मंडळी, सेलर्सचे माझे जुने सोबती, आणि चौल-रेवदंड्याहून आलेले तुम्ही सगळे,

माझं नाव पुकारलं तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुज झाली. मी ऐकली. ज्याच्या कानाखाली सरांनी भरल्या शेडमध्ये आवाज काढला, तो आज सरांबद्दल काय बोलणार? बरोबर आहे. मीही तुमच्यात बसलो असतो तर हेच म्हणालो असतो.

मला भाषण येत नाही. मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटांच्या खिडकीत बसतो मी. दिवसभर "किती जण?" एवढंच विचारायची सवय. तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या. पण मला थांबवू नका. मध्ये थांबलो तर परत सुरू करायची हिंमत होणार नाही.

माझ्या आधी चौघेजण बोलले. सरांची शाळा, सरांची शिस्त, पहाटेची कवायत, सगळं सांगितलं. सेलर्सचं नाव मात्र कोणी घेतलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून नाही घेतलंत. मला कळतं ते. आणि मला त्याच्याचबद्दल बोलायचंय.

इथे काही लहान मुलं आहेत, नवीन माणसं आहेत. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या या पट्ट्याची एक बास्केटबॉल टीम होती. अष्टागर सेलर्स. छोट्या शहरांची एक व्यावसायिक लीग निघाली होती. अलिबागकडे रिसॉर्ट बांधणाऱ्या एका मालकाला वाटलं, आपलीही टीम असावी. रेवदंड्याचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना त्याने घेतला, आतली यंत्रं काढली, लाकडी फळ्या टाकल्या, दोन बास्केट लावल्या. पावसाळ्यात फळ्या फुगायच्या. बॉल एका ठिकाणी टाकला की दुसरीकडेच उडायचा. बाहेरच्या टीमना ते ठाऊक नसायचं. आम्हाला ठाऊक असायचं.

बारा पोरं होतो. नितीन कॅप्टन. मिठागरवाल्यांच्या घरचा, उंच, तापट. तो बघा, खिडकीपाशी उभा आहे. आणि कोच आमचे मोरेश्वर पाटीलसर, शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले. मी सात नंबर. लांबून टाकायचो. मी घरी पहिला पगार नेला तेव्हा अम्मी म्हणाली, "पगार? चेंडू टाकायचा पगार?" तिने तो दोनदा परत करायला सांगितला. तिला वाटलं, काहीतरी चूक झालीय.

दोन सीझन. एवढंच आयुष्य त्या टीमचं.

दुसऱ्या सीझनला मालकाने स्पष्ट सांगितलं. पहिल्या चारांत आलात तर पुढचं वर्ष, नाहीतर शेडला कुलूप. आणि सगळं येऊन थांबलं शेवटच्या साखळी मॅचवर. रविवार, आपल्याच शेडमध्ये. ती मॅच तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी पाहिलीय. काय झालं ते तुम्हाला पाठ आहे. का झालं, ते सांगतो.

मंडळी, इथून पुढचं मी सात वर्षं एका माणसाशिवाय कोणालाही सांगितलेलं नाही. आज सकाळपर्यंत.

त्या रविवारच्या आधीचा मंगळवार. सकाळची प्रॅक्टिस संपली, पोरं गेली. मी शॉट मारायला मागे थांबलो. पळत गेलो, उडी मारली, आणि त्यानंतरचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा फळ्यांवर पडलेलो, आणि सरांची दोन बोटं माझ्या मनगटावर. सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "सर, काही नाही, नाश्ता केला नव्हता." सर म्हणाले, "उठू नको. पडून र्‍हा."

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन मांडव्याहून बोटीने मुंबईला गेले. घरी सांगितलं, टीमचं काम आहे. डॉक्टरांनी छातीवर मशीन फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग विचारलं, "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय?"

माझे अब्बा गेले होते. एकोणचाळिसाव्या वर्षी. बंदरावर जाळं ओढता ओढता खाली बसले, ते उठलेच नाहीत. मी नऊ वर्षांचा होतो. नजर लागली, असं लोक म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा स्नायू जाड झालाय. घरात चालत आलेलं दुखणं आहे. गोळ्या घे, जपून राहा, म्हातारा होशील. पण धावताना, उड्या मारताना ते कधीही थांबेल. जगायचं असेल तर खेळ आजपासून बंद.

परतीच्या बोटीत मी सरांच्या पाया पडलो. दोन गोष्टी मागितल्या. पहिली म्हणजे रविवारची एकच मॅच खेळू द्या. दुसरी, अम्मीला कळू देऊ नका. एकदा असं उचलून आणलेलं माणूस तिने पाहिलंय. मी तिचा एकुलता एक. मी घराबाहेर पडलो की परत येईपर्यंत ती दारात उभी राहील. आणि गावात एकाला कळलं की तिला कळलंच.

सरांनी मला धरून उठवलं. मग म्हणाले, "तुझ्या तोंडातून निघंतवर माझ्या तोंडातून निघनार नाय. पन तू खेलनार नाय. कपडे घाल, बाकावर बस. गुडघा दुखतोय म्हनून सांगू."

असं ठरलं. साधं होतं. मी नुसतं बसून राहिलो असतो, तर काही झालंच नसतं.

रविवारी शेड फुटेल एवढी गर्दी. वॉर्मअपच्या वेळी सर पंचांशी बोलायला बाहेर गेले. आणि मी उठलो. का उठलो? चोवीस वर्षांचा होतो, माझा हा शेवटचा दिवस आहे हे माझं मला माहीत होतं. बॉल उचलला. लांबून टाकला, आत. दुसरा, आत. तुम्ही लोक मोजायला लागलात. पाच टाकले, पाचही आत. नितीन ओरडला, "अरे, गुडघा बरा झाला वाटतं!" त्या क्षणी गुडघ्याची गोष्ट संपली. ती मी संपवली. सरांनी नाही.

मॅच सुरू झाली. पहिल्यापासून आम्ही मागे. शेवटची चार मिनिटं राहिली तेव्हा तीन पॉइंटने मागे होतो. तुम्ही पाय आपटत होता. "सात! सात! सात!" पत्रे हलत होते. मालक खुर्ची सोडून बाकापर्यंत आला. "पाटील, त्याला उतरवा." सर म्हणाले, "नाय." मालक म्हणाला, "टीम माझी आहे." सर म्हणाले, "मग आदी मना काढा, मंग त्याला उतरवा."

आणि मी उठलो. जर्सीवरचा टीशर्ट काढला, सरांना न विचारता बदली खेळाडूची नोंद होते त्या टेबलाकडे निघालो. माझ्या कानात फक्त तो आकडा होता. सर मागून धावत आले. माझी जर्सी धरली. मी हात झटकला. मी म्हटलं, "मेलो तर मेलो, तुमचं काय जातंय?"

तेव्हा त्यांनी मारलं.

आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकला. तुम्ही कोणी पाहिलं नाही ते मी पाहिलं. मारलेला हात सरांनी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला होता.

आम्ही दोन पॉइंटने हरलो. नितीनचा शेवटचा शॉट रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. बुधवारी शेडला कुलूप लागलं. बारा पोरांचा खेळ गेला. कोणी ट्रकवर गेला, कोणी आखातात. नितीन आज बंदरावर कंटेनर ओढतो. नितीन, त्या दिवसापासून तू सरांशी एक शब्द बोलला नाहीस. तुझा दोष नाही.

मग सुरू झालं ते सुरू झालं. शेडच्या भिंतीवर कोळशाने कोणीतरी लिहिलं, "सेलर्स म्हणजे विकणारे." सरांनी मॅच विकली, असं त्यांच्याच आळीत बोललं जाऊ लागलं. आमच्या मोहल्ल्यात दुसरीच गोष्ट. आपला पोरगा म्हणून हात उचलला, त्यांच्यातला असता तर उचलला नसता. मंडळी, ज्या माणसाने मला स्वतःच्या ताटातलं खाऊ घातलं, रमजानात माझ्यासाठी प्रॅक्टिसची वेळ बदलली, त्याच्याबद्दल हे. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. दोन्ही माझ्या गप्प बसण्यावर पोसल्या गेल्या. सरांच्या खिडकीची काच फुटली. सुलभाबाई, ती तुम्ही एकट्याने झाडलीत. बाजारात लोकांनी तुमच्याकडे पाठ केली. आणि का, ते तुम्हालाही माहीत नव्हतं. सरांनी स्वतःच्या बायकोलाही, तुम्हालाही, सांगितलं नव्हतं.

आता सगळ्यात अवघड.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी अम्मी मला घेऊन सरांच्या घरी गेली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत या म्हटलं, तर आली नाही. ती म्हणाली, "सर, बाप नाही म्हणून हात टाकलात ना? बाप असता तर तुमची हिंमत झाली असती?" आणखीही बरंच बोलली. अर्धी गल्ली गोळा झाली. सर हात जोडून उभे. शेवटी म्हणाले, "चुकलं माझं, भाभी."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या बघण्यात राग नव्हता. ते विचारत होते, "सांगू?"

मी अम्मीच्या मागे उभा होतो. मी मान हलवली. नको.

सरांनी खाली बघितलं.

सात वर्षं झाली त्याला. सरांनी शाळेच्या मैदानावर पोरांना बास्केटबॉल शिकवायचं ठरवलं. तुम्ही मुलं पाठवली नाहीत. मी रोज सकाळी बाइकवरून मांडव्याला जायचो, तेव्हा ते मैदानावर दिसायचे. चार बॉल, एक माणूस. मी बाइक हळू करायचो. थांबायचो नाही. दोन वर्षांनी कुठे पाच-सहा मुली यायला लागल्या. त्याच या, पुढे बसल्यात.

मी घरी पित्ताची म्हणून रोज एक गोळी घेतो. ती पित्ताची नाही. माझं लग्न झालं, मुलगी झाली. निकाहच्या आधी हिला खरं सांग, एवढंच सरांनी मला बजावलं होतं, आणि तेवढं मी केलं. बाकी ठिकाणी तोंड उघडलं नाही.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात सरांना भेटलो. बोलताना त्यांना धाप लागत होती. मी म्हटलं, "सर, आता मी सगळ्यांना सांगतो." ते हसले. म्हणाले, "मी हाय तवर नको. सगले माफी मागाया येतील. तुझ्या सुलभाबाईंना किती वेला चा कराला लावू?"

मीही हसलो. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आणखी थोडे दिवस मिळाले, असं वाटलं. सर जात होते, आणि मला माझ्या लाजेची पडली होती. चौथ्या दिवशी ते गेले.

आज सकाळी मी अम्मीला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. तिने तवा खाली उतरवला. मग विचारलं, "मी त्यांच्या दारात तसं बोलत होते, तेव्हा तुला माहीत होतं?" मी म्हटलं, हो. तिने माझ्या हृदयाबद्दल एक शब्द विचारला नाही. हात धुतले, ओढणी घेतली, म्हणाली, "मला सुलभाबाईंकडे घेऊन चल." ती तिकडे तिसऱ्या रांगेत बसलीय. बाईंच्या शेजारी.

सरांनी मॅच विकली नाही. सरांनी कोणाच्या जातीधर्माकडे बघून हात उचलला नाही. सरांनी टीम बुडवली, हे मात्र खरं आहे. जाणूनबुजून बुडवली. एका बाजूला अकरा पोरांचा खेळ होता आणि दुसऱ्या बाजूला माझा जीव, आणि त्या शेवटच्या चार मिनिटांतही ते डगमगले नाहीत. मी आज एकतीस वर्षांचा आहे. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. अजून काय सांगू?

सुलभाबाई, माफी मागायला मी उद्या घरी येणार आहे. चारचौघांत मागून मोकळं व्हायचं नाही मला.

आता दोन मिनिटं सगळे उभे राहू या. कोणी काही बोलायचं नाही. त्यानंतर मी या हॉलच्या दारापाशी थांबणार आहे. ज्याला संताप आलाय, ज्याला दोन शब्द सुनवायचेत, त्याने ते मला सुनवावेत. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत मी तिथून हलणार नाही.

सर, सलाम.

उभे राहा, मंडळी.