टेक्सासचा गरुड

इंटरनेटवर वाद घालून काय मिळतं, असं विचारता ना? मला एक तात्या मिळाले.

गरुडाचा फोटो लावलेला एकजण माझ्याशी रोज इंग्रजीत भांडायचा. अमेरिकेनं व्हिएतनाममधून आधीच निघायला हवं होतं का, तिथल्या सरकारनं एआय कंपन्यांना वेसण घालावी का. मला वाटायचं, टेक्सासचा गोरा असणार.

एकदा वाद ऐन रंगात आला आणि त्यानं लिहिलं, थांब, थ्री फेज लाइट आली, विहिरीवरची मोटर चालू करून येतो.

टेक्सासात थ्री फेजची वाट कोण बघतं? मी सरळ मराठीत विचारलं, "गाव कुठलं?"

"कऱ्हाटी."

मी वडगाव निंबाळकरचा. बारामतीच्या स्टँडवर चहाला भेटलो. साठीचे, पांढऱ्या टोपीतले तात्या. समोरासमोर भांडण काही जमेना. शेवटी म्हटलं, "तात्या, अमेरिकेवर तुमी एवढं रोखठोक लिहिता. आपल्या कारखान्याच्या निवडणुकीवर एक ओळ न्हाय?"

तात्यांनी आधी शेजारच्या टेबलाकडं बघितलं. मग बशीतला चहा संपवला.

"तिकडच्या अध्यक्षाला कितीबी शिव्या घाल," ते हळू आवाजात म्हणाले, "कारखाना आपला ऊस येळंवर तोडतो."