तबेल्यावरची हवेशीर खोली

नोंदणी कार्यालयाच्या बाकावर म्हातारा नालबंद नंबराची वाट पाहत बसला होता. शेजारी एक आई, तिचा मुलगा आणि सून येऊन टेकले. गावाबाहेरच्या घोड्यांच्या फार्मचा विषय निघाला, तसे नालबंदाने कान टवकारले.

“आई, तुझं घर विकलं की तो फार्म आपला. सगळं कुटुंब एकत्र.”

“माझी खोली कुठली?”

“तबेल्याच्या वरची. एकदम हवेशीर.”

“आणि खालच्या खोल्या?”

“तिथे घोडे राहणार. त्यांना जिना चढता येत नाही.”

“मला तरी कुठे येतो?”

“पंधराच पायऱ्या आहेत, आई. तुम्हाला तेवढाच व्यायाम,” सून म्हणाली.

“घोड्यांना नको का गं व्यायाम?”

“त्यांना फिरवायला माणूस ठेवतोय ना.”

“डॉक्टर कोण आहे तिकडे?”

“दर सोमवारी येतो.”

“माझ्यासाठी?”

“घोड्यांसाठी गं. पण माणूस चांगला आहे, तुझंही बीपी बघेल.”

“आणि झोप? शांत आहे ना तिथे?”

“चिटपाखरू नाही.”

घोडा रात्रीही खूर आपटतो, हे नालबंदाला ठाऊक होतं. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

खिडकीतून कारकुनाने विचारलं, “घर विकणारे कोण?”

आई गुडघ्यावर हात रेटून उठली आणि खिडकीशी गेली.

“मीच. ते कागद परत द्या, साहेब.”

“का हो आजी, काही चुकलं का?”

“नाही. मला इतक्यात वर जायचं नाहीये.”