खिडकीतली रिकामी खुर्ची

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या सर्वांचे स्टोअरकीपर दादा, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि वीज उपकेंद्रातल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

दादांच्या चोख कामाबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मी त्यांच्या नादाबद्दल बोलतो. रात्री ढग गडगडले की माणसं खिडक्या लावून घेतात. आमचे दादा कॅमेरा घेऊन क्वार्टरच्या गच्चीवर! वहिनी म्हणायच्या, "अहो, दिवसभर विजेच्याच खात्यात असता, तेवढी पुरत नाही का?" आता वीज कधी चमकेल हे कुणाला ठाऊक? म्हणून दादा शटर दोन-दोन मिनिटं उघडंच ठेवून बसायचे.

बावीस वर्षांपूर्वी असाच एक अप्रतिम फोटो त्यांना मिळाला. यार्डामागे कोसळणारी वीज, आणि खाली कंट्रोल रूमची उजळलेली खिडकी. दादांनी तो हौसेने नोटीस बोर्डावर लावला. नेमका त्याच वादळात ट्रान्सफॉर्मर जळाला होता, रात्रपाळीला मी होतो, आणि चौकशी करणाऱ्या आमच्या साहेबांना फोटोत काय दिसलं? माझी रिकामी खुर्ची! "ड्यूटी सोडून कुठे होतात?" अहो, मी त्याच खोलीत पॅनेलपाशी जिवाच्या आकांताने धावपळ करत होतो! पण ऐकतो कोण? निलंबनाचा कागद टाइप झाला. घरी दीड महिन्याची मुलगी. मी स्टोअरच्या दारात उभा राहून दादांना नाही नाही ते बोललो.

कॅमेरा घेऊन दादा थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले, पडदे ओढले, एकच दिवा ठेवला. "साहेब, दोन मिनिटं इथे फेऱ्या मारता का?" साहेबही भले, मारल्या त्यांनी. दुसऱ्या दिवशी फोटो धुऊन आला. टेबल होतं, फायली होत्या, पाण्याचा तांब्यासुद्धा होता, साहेबच नव्हते! इतका वेळ शटर उघडं असलं की सारखा हलणारा माणूस उमटतच नाही. दादा हळूच म्हणाले, "साहेब, हा खुर्चीत झोपला असता, तर फोटोत आला असता." साहेब खो खो हसले आणि तो कागद त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला.

नोकरी वाचली. दुसऱ्या दिवसापासून दादा माझ्याशी पूर्वीसारखेच बोलू लागले, आणि मी लाजेपोटी तो विषयच टाळत राहिलो.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण मन लावून ऐकलंत, मी ऋणी आहे. आजच्या बोलण्यात काही चुकलं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. बावीस वर्षांपूर्वीच्या बोलण्याची माफी मात्र, दादा, तुमच्याकडेच मागायची राहिली होती. ती आज वहिनींसमोर, हात जोडून मागतो.